कानबाईचा चौरंग आणि अंगणातला हेला

देवपूर, धुळे
नागपंचमीच्या आदल्या दिवशी, १९८९

तीर्थस्वरूप नानांच्या चरणी धाकट्या पितांबरचा दंडवत.

वहिनींच्या गुडघ्यांना आता उतार पडला असेल आणि डाळमिलच्या भुश्शाने तुमचा खोकला वाढला नसेल अशी आशा करतो. (वाढला असेल तर अडुळशाचा काढा घ्यावा, डॉक्टरकडे जाऊन हुज्जत घालू नये.) इकडचं क्षेम कळायचं तर हे पत्र शेवटपर्यंत वाचावं लागेल. अर्धं वाचून एसटीत बसू नये, एवढी हात जोडून विनंती. जेवण झाल्यावर, खाटेवर टेकून वाचावं, आणि वहिनींना मोठ्याने वाचून दाखवू नये.

तुमचं कार्ड मिळालं. त्यात नेहमीप्रमाणे ख्यालीखुशाली एका ओळीत आणि प्रश्न तीन. एक, यंदा भाऊबंदकीची कानबाई देवी पितांबरकडे बसणार, तर आजोबांच्या चौरंगाला पॉलिश झालं का? दोन, यशोदा बाळंतपणाला माहेरी आली का? तीन, ती जीप अजून अंगणातच आहे का? नाना, मी चित्रकलेचा मास्तर असलो तरी पेपर कसा लिहावा हे मला कळतं. प्रत्येक प्रश्नाचं उत्तर वेगळ्या पानावर सुरू करावं. पण या तिन्हींचं उत्तर एकच आहे, त्याला माझा इलाज नाही.

आता ही जीप मी का घेतली, हे तुम्ही सगळ्या भाऊबंदकीला सांगता की पितांबरला खाज सुटली म्हणून. तसं नाही. जावईबापू मोतीलाल यांची आश्रमशाळा शिरपूरच्या वर, सातपुड्याच्या पायथ्याशी. डांबरी रस्ता फाट्यावर संपतो, पुढे कच्ची वाट, आणि वाटेत तो नाला. उन्हाळ्यात त्यात शेळीचे खूर भिजत नाहीत आणि पावसाळ्यात तो कुणाला ओळख देत नाही. मागच्या खेपेस यशोदाला त्याच वाटेने बैलगाडीतून आणताना काय झालं ते तुम्हाला ठाऊक आहे. मी ते पुन्हा लिहीत नाही. पोर घरी आली ती रिकाम्या ओटीने आली, आणि महिनाभर भिंतीकडे तोंड करून निजली. तेव्हाच मी कानबाईच्या नारळापुढे बोललो होतो की पुढच्या वेळी माझी लेक बैलगाडीत बसणार नाही, तिचा बाप तिला गाडीतून आणील. म्हणून जीप. तुम्ही म्हणालात, चित्रातली जीप चढ चढते, खरी चढत नाही. वडीलधारे आहात, मी गप्प बसलो. पण लागलं ते लागलंच.

तर गेल्या दिवाळीनंतर एका सरकारी लिलावातून ती आली. आली म्हणजे ओढून आणली. इंजिन होतं, पण त्यात उंदरांचा संसार होता. सीटा त्यांनीच खाल्लेल्या. आमच्या गल्लीतला चुडामण, खिडक्यांच्या जाळ्या करतो तो, म्हणाला, मास्तर, ही गाडी मी अशी करीन की डोंगरावर सरळ उभी चढेल. (चुडामण बोलतो तेव्हा त्याच्यावर विश्वास बसतो. काम बघितल्यावर जातो. पण तोपर्यंत आगाऊ चहा पिऊन झालेला असतो.) मी ड्रॉइंगशीटवर नकाशा काढला, बाजूने, समोरून आणि वरून, सावल्यांसकट. नकाशा इतका देखणा झाला की हेडमास्तरांनी प्रदर्शनात लावायला मागितला. मग भंगारातल्या टेंपोचं डिझेल इंजिन बसवलं. खालचे स्प्रिंगचे पाटे चढवून गाडी उंच केली. मागे ट्रॅक्टरचे टायर लावले, पुढे तेवढे मोठे बसेनात म्हणून जीपचेच ठेवले. त्यामुळे गाडी उभी असली तरी उतारावर निघाल्यासारखी दिसे, बसलं की माणूस आपोआप काचेकडे घसरे. आणि माझी स्वतःची शक्कल म्हणजे सायलेन्सरचा पाइप वळवून टपाच्या वर काढला, ट्रॅक्टरसारखा, म्हणजे नाल्यात पाणी कितीही असो, धुराला अडचण नाही. या शक्कलेवर मी फार खूश होतो. हे लक्षात ठेवा.

गल्लीने तिचं नाव हेला ठेवलं. शेजारच्या धुरपदाबाईंनी तर यम हेल्यावर बसूनच येतो, असं आमच्या दारात उभं राहून सांगितलं, सात महिन्यांची गर्भारशीण ज्या घरी येणार त्या घराच्या दारात! मी त्यांच्याशी बोलणं टाकलं. आमच्या सौ. कलाबाईने उन्हाळाभर बॉनेटवर बिबड्या वाळवल्या, आणि चुडामण काम सोडून त्या मोडून मोडून खात बसला. यशोदाला ज्येष्ठात आणायचं ठरलं होतं. ज्येष्ठात गिअरबॉक्स उघडा पडलेला. मोतीलालरावांचं पत्र आलं की बैलगाडीने पाठवू का. मी उलट टपाली कळवलं, खबरदार. आषाढात ब्रेक लागत होते पण सुटत नव्हते. दुसरं पत्र आलं, नाल्याला पाणी आलंय, पण अजून उतार मिळतो. मग पत्रंच येईनात. कलाबाई माझ्याशी बोलेनाशी झाली. जेवायला वाढून ती दाराशी उभी राही आणि जीपकडे बघत राही. एकदाच म्हणाली, ‘‘आते काय व्हई मन्ही पोरनं?’’ नाना, तुम्हाला म्हणून सांगतो, मी जीप बांधत होतो की लेकीची वाट बंद करत होतो, हेच मला कळेना. पण मागे फिरायचं तर बैलगाडीच उरली होती, आणि बैलगाडीचं नाव काढलं की माझ्या डोळ्यांपुढे ती मागची खेप येई.

शेवटी गाडी चालू झाली. सगळं झालं, फक्त यशोदाने बसायचं कशावर हे राहिलं. सीटवाला आज देतो उद्या देतो करत पसार झाला. चुडामणने मागे लोखंडी चौकट वेल्डिंग करून ठेवलेली, तिच्यावर बसेल असं घरात काही मिळेना. पाट लहान, खाट मोठी. आणि कोपऱ्यात तुमच्या आज्ञेवरून पॉलिशला काढून ठेवलेला आजोबांचा चौरंग. अस्सल सागवान, आणि मापाला असा की जणू आजोबांनी जीप बघूनच केला असावा. आता रागावण्याआधी हे वाचा : मी आधी हात जोडले. मग भोकं पाडली. चार. चुडामणने बोल्ट आवळले, वर मी गोधडी घातली, आणि कलाबाईला सांगितलं की चौरंग पॉलिशला सुताराकडे दिलाय. तिने निघताना गाडीपुढे नारळ फोडला, गोधडीवरून एकदा हात फिरवला, आणि घरात गेली. मला वाटलं, सुटलो.

मी आणि चुडामण निघालो. आग्रा रोडला लोक थांबून बघत होते. तापीचा पूल ओलांडला, शिरपूर मागे टाकलं, फाट्याला वळलो, आणि नाला आला. पाणी गुडघ्याच्या आत-बाहेर. हेला त्यातून असा गेला की मी तुमचं नाव घेऊन ओरडलो. (काय ओरडलो ते लिहीत नाही.) पाड्यावर पोचलो तेव्हा माझी छाती दोन इंच फुगलेली होती. मोतीलालराव धावत आले, पण गाडीकडे बघेनात. पोरीला सकाळपासून कळा सुरू होत्या. दिवस भरायला अजून अवकाश होता. पाड्यातली सुईण रुख्माबाई आत होती. ती बाहेर आली आणि मला, पन्नाशीच्या माणसाला, सगळ्यांदेखत म्हणाली, ‘‘एवढे दिवस कुठे होतास? मूल आडवं आहे. माझ्या हातचं नाही. शिरपूरला ने, आत्ताच्या आत्ता.’’ (तिकडे सगळ्यांना अरे-तुरेच करतात, त्यात अपमान नसतो. यात थोडा होता.) माझी छाती जिथल्या तिथे गेली. यशोदाने मला पाहिलं आणि एवढंच म्हणाली, ‘‘आबा, तुम्ही आणली गाडी?’’ तिच्या तोंडावरचा घाम मी उपरण्याने पुसला. माझे हात डिझेलचे होते, तिच्या कपाळाला काळं लागलं. तीट लागली, म्हणाली. त्या कळांतही हसली पोर.

तिला चौरंगावर बसवली. पाठीला उशा, एका बाजूला रुख्माबाई, दुसऱ्या बाजूला मोतीलालराव छत्री धरून, कारण टप पुढच्या सीटांपुरताच होता आणि पाऊस लागला होता. रुख्माबाईचा मुलगा सिंगा आणि त्यांचा शेजारी दिवल्या मागे लोंबकळले, न बोलावता. आणि नाना, येताना गुडघाभर असलेला नाला, जाताना बघतो तर तांबडा झालेला, काठाच्या दगडांवरून उड्या मारत चाललेला. वर डोंगरात कोसळलं होतं. चुडामण म्हणाला, थांबूया. रुख्माबाई म्हणाली, थांबलास तर दोघं जातील. मी गिअर टाकला. अर्ध्यापर्यंत हेला बरा गेला. पाणी बॉनेटला लागलं, वर सायलेन्सर धूर सोडतोय, आणि मी मनात म्हणतोय, बघा माझी शक्कल! तेवढ्यात इंजिनाने एक घोट घेतला, उचकी दिली, आणि गप्प. धूर बाहेर जायची वाट मी टपावर नेली होती, पण हवा आत घ्यायची वाट खाली बॉनेटमध्येच होती. नकाशात ती काढायचीच राहिली, कारण बाजूने बघितलं तर दिसत नाही. आमच्या हेल्याला शेपटी वर करून पोहायला शिकवलं, आणि नाक पाण्याखाली.

पाणी फळीवर आलं, मग पायांवर. गाडी एकदा हलली, बाजूला सरकली, आणि दगडाला टेकून थांबली. यशोदाने चौरंगाच्या दोन्ही कडा धरल्या होत्या. ती ओरडत नव्हती, तेच मला सहन होईना. मी स्टीअरिंग धरून बसून राहिलो. ‘कानबाई, मला ने, हिला सोड,’ असं काहीतरी पुटपुटलो असेन. सिंगा पाण्यात उतरला, छातीपर्यंत, आणि मला म्हणाला, ‘‘मास्तर, गाडी सोड. पोरीला उचल.’’ पण उचलणार कशी? पाठीवर घ्यावं अशी तिची अवस्था नव्हती. तेव्हा रुख्माबाईने चौरंगावर थाप मारली : हिला बसल्या जागेवरून हलवू नका, हाच उचला. पण तो बोल्टांनी आवळलेला, आणि पाना चुडामणने धुळ्यालाच ठेवला होता. (का, तर म्हणे माझं काम सुटत नाही, पाना कशाला?) सिंगा आणि दिवल्याने चौरंगाला हात घातला आणि एक हिसका दिला. नाना, चुडामणचं वेल्डिंग देवासारखं पावलं. एका हिसक्यात खालच्या चौकटीचे चारही सांधे सुटले. चांगल्या माणसाने केलं असतं तर आम्ही सगळे तिथेच राहिलो असतो.

चौरंगाला चार पाय. पुढचे दोन सिंगा आणि दिवल्याच्या खांद्यावर, मागचा एक माझ्या, आणि एक रुख्माबाईच्या. होय, रुख्माबाईच्या, साठीची बाई, कासोटा घालून. मोतीलालराव शेजारून छत्री धरून चालले होते, स्वतः गळ्यापर्यंत पाण्यात, पण छत्री यशोदावरून हलू दिली नाही. चुडामणला पोहता येत नाही म्हणून तो टपावर सायलेन्सरला मिठी मारून बसला आणि मोठमोठ्याने देवांची नावं घेत राहिला, त्यात आमच्या हेडमास्तरांचंही नाव घेतलं. आपण दरसाल सोमवारी कानबाईला चौरंगासकट डोक्यावर घेऊन नदीवर नेतो. मी खांद्यावर चौरंग, वर माझी लेक, आणि समोर ते तांबडं पाणी बघत चाललो होतो, आणि मला नदीच्या सोमवारशिवाय दुसरं काही आठवेना. मी मनात सारखं म्हणत होतो, बाई, हे बोळवण नाही, हे बोळवण नाही. काठ चार हातांवर आला आणि माझा पाय शेवाळावर गेला. मी पडलो. पडताना चौरंगाचा माझ्या हातातला पाय मोडून माझ्याबरोबर आला. वर पाहिलं तर चौरंग तसाच, तीन पायांवर, तीन खांद्यांवर, आडवाही झाला नाही. सिंगाने माझ्या वाटचा भार मानेवर घेतला होता. मला धरायला कुणी थांबलं नाही, आणि त्यांनी बरोबरच केलं. मी मोडक्या पायासकट दगडाला धरून वर आलो, पण तो पाय हातून निसटला आणि तापीकडे गेला.

फाट्यावर केळीचा ट्रक मिळाला. घडांवर चौरंग, चौरंगावर यशोदा. शिरपूरच्या दवाखान्यात पोटाचं ऑपरेशन झालं. दाराबाहेर मी आणि रुख्माबाई एका बाकावर बसलो होतो, दोघंही निथळत. तिने तंबाखू मळली आणि अर्धी माझ्या हातावर ठेवली. मग आतून रडणं ऐकू आलं, आणि नाना, मी त्या अनोळखी बाईच्या खांद्यावर डोकं ठेवून मोठ्याने रडलो. मुलगी झाली. आई आणि लेक दोघी सुखरूप आहेत. आता तुम्ही श्वास सोडायला हरकत नाही.

तर तुमच्या प्रश्नांची उत्तरं. चौरंगाला पॉलिश झालेलं नाही, चार भोकं पडली आहेत आणि पाय तीन आहेत. यशोदा बाळंतपणाला माहेरी निघाली आहे, शिरपूरपर्यंत आली आहे, दवाखान्यातून सोडलं की इथे आणीन. (एसटीने.) आणि जीप आता अंगणात नाही. ती नाल्यात आहे. मोतीलालरावांचा निरोप आहे की पाणी ओसरल्यापासून पाड्यातले लोक तिच्या बॉनेटवर पाय ठेवून, टपावरून, कोरड्या पायाने पलीकडे जातात. शेवटी नाला ओलांडायलाच ती बांधली होती, तेव्हा चित्रातली जीप वगैरे आता कुणापुढे बोलू नये.

वहिनींना नमस्कार, चिमण्यांना आशीर्वाद. नागपंचमीनंतरच्या रविवारी, कानबाई बसेल तेव्हा, वेळेवर यावं.

तुमच्या शब्दाबाहेर न जाणारा,
पितांबर

ता. क. : रविवारी कानबाई बसवायची कशावर, हे तुम्ही घरातले थोरले म्हणून ठरवावं. मोडका चौरंग पूजेला चालत नाही हे मला माहीत आहे. चुडामण म्हणतो, चौथा पाय लोखंडी लावून देतो. मी त्याला घराबाहेर काढलं आहे, पण तो ओट्यावर बसून आहे. नवा चौरंग जळगावहून आणणार असाल तर तसं कळवावं. सोयराची काळजी करू नये. बाळाचं सोयर मोतीलालरावांच्या घराण्याला, आपल्याला नाही. मी गुरुजींना विचारून घेतलं.

दुसरं ता. क. : खरं म्हणजे एवढं लांबलचक पत्र पुढच्या चार ओळींसाठी लिहिलं. सिंगा, दिवल्या आणि रुख्माबाईला मी रविवारी कानबाईच्या रोटांच्या जेवणाला बोलावून बसलो आहे. दवाखान्याच्या दारात तोंडातून निघून गेलं, आणि त्यांनी हो म्हटलं. रोट भाऊबंदकीबाहेर कुणाच्या तोंडी जात नाहीत, हे तुम्हीच आम्हाला लहानपणी शिकवलं. लेकीचा नवरासुद्धा त्यात बसत नाही. पण नाना, माझ्या लेकीला खांदा देताना माझ्या भाऊबंदकीतला एकटा मीच होतो, आणि मी पडलो. तुम्ही एकदा ‘चालेल’ म्हणालात की कुणी बोलणार नाही. तेवढं म्हणावं. तुमची परवानगी आल्याशिवाय मी गहू दळायला टाकत नाही.

तिसरं ता. क., कलाबाईच्या हातचं : नानांना नमस्कार. मोठ्या जेठांना मी कधी पत्र लिहिलं नाही, चुकलं तर सांभाळून घ्यावं. हे आता पत्र टाकायला जात आहेत म्हणून घाईत लिहिते. नवा चौरंग आणू नये. गोधडीखाली काय आहे ते मला निघतानाच हाताला लागलं होतं. कानबाईच लेकीसोबत जाते आहे तर जाऊ द्यावं म्हणून मी बोलले नाही. तिच्याच चौरंगावर ती बसेल, चौथ्या पायाच्या जागी मी वीट ठेवली आहे. आणि गहू कालच दळून आणले. घरातल्या प्रत्येक पुरुषाच्या नावाची गव्हाची मूठ धरली, त्यात सिंगा आणि दिवल्याच्या नावाची धरली. आता पिठातून मूठ परत काढता येत नाही. बाईमाणसाच्या नावाची मूठ धरत नाहीत हे मला माहीत आहे. रुख्माबाईच्या नावाची मी धरली, आणि ती सगळ्यात मोठी धरली. ज्यांना विचारायचं असेल त्यांनी रविवारी तिच्या शेजारी जेवायला बसून मला विचारावं.